सासूबाईंची सोनोग्राफी

माझं माहेर नागभीडचं. रेल्वे जंक्शनच्या गावची मुलगी म्हणून सासरी आपल्याला थोडा मान मिळेल, अशी माझी समजूत होती. लग्न होऊन चामोर्शीला आले तेव्हा नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण, नवरा जनावरांच्या दवाखान्यात मलमपट्टी करणारा आणि सासूबाई आठवडी बाजारात मासोळ्या विकणाऱ्या. सासरे फार पूर्वीच गेले होते. घरात माणसं तीनच, पण सासूबाईंच्या आवाजाचा हिशेब धरला तर सात-आठ.

त्यांचा आवाज बाजारात घडलेला होता. कांदेवाल्यापासून चपलावाल्यापर्यंत सगळ्यांना आपल्या मरळ मासोळीचा भाव ऐकू गेला पाहिजे, अशा बेतानं त्या बोलायच्या. घरीही तोच बेत. रात्री मीठ कमी पडलं तरी ते गल्लीला कळायचं.

मला दिवस गेल्याचं त्यांना माझ्याआधी कळलं. चुलीवर रस्सा उकळत होता आणि मी नाकाला पदर लावून अंगणात पळाले. एवढंच झालं. मासोळीवर चालणाऱ्या घरात सुनेला मासोळीची किळस यावी, याला दुसरं कारण असूच शकत नाही, असं त्यांनी तिथल्या तिथे ठरवलं. मी नवऱ्याला सांगायच्या आत बाजारातल्या निम्म्या ओळीला ही बातमी पोचली होती. नवऱ्याला वांगी विकणाऱ्या बाईनं सांगितलं.

तो घरी आला, मला पाहून लाजला आणि मग त्याला काय बोलावं ते सुचेना. त्याचं या विषयातलं सगळं ज्ञान गाई-म्हशींचं. "दीड महिन्यात काई सांगता येत नाई," तो गंभीरपणे म्हणाला. "आमच्या इथी तीन महिने झाले का साहेब हात घालून पाह्यते, मंग सांगते."

सासूबाईंनी हातातला झारा त्याच्या दिशेनं भिरकावला. त्या दिवसापासून या विषयावर बोलायची त्याला घरात बंदी झाली.

दसऱ्याच्या सुमाराला एके दिवशी मी शाळेतून आले आणि मला डाग दिसला. छोटासाच. दुसऱ्या दिवशी परत. मी सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्या पहिल्यांदाच हळू आवाजात बोलल्या, आणि मला डागापेक्षा त्या आवाजाचीच जास्त भीती वाटली.

गावातले डॉक्टर वयस्कर आणि शांत होते. त्यांनी तपासलं आणि म्हणाले, "घाबरायचं कारण नाही. अशा वेळी डाग पडतात, त्यातल्या बऱ्याच जणींचं पुढे व्यवस्थित होतं. पण आत काय चाललंय ते मला वरून कळणार नाही. चंद्रपूरला जाऊन सोनोग्राफी करून घ्या. आणि हो, पाणी भरपूर पिऊन जा. लघवी करायची नाही. मूत्राशय भरलेलं असलं की गर्भाची पिशवी नीट दिसते."

त्या शेवटच्या तीन वाक्यांनी पुढचा सगळा घोटाळा केला.

सासूबाई दवाखान्याच्या ओट्यावर थांबल्या होत्या. "काय म्हनला डाक्टर?"

"सोनोग्राफी करायला सांगितलीय."

"सोनाराकडं कायले जायाचं?"

मी समजावलं. पोटाच्या आतलं चित्र टीव्हीसारखं दिसतं, त्यासाठी आधी पाणी प्यावं लागतं. टीव्हीचं त्यांना फारसं वाटलं नाही. पाण्याचं मात्र लगेच पटलं. "बराबर हाये," त्या म्हणाल्या. "बोडीत पानी नसलं तं मासोळी कुठी दिसन?" बोडी म्हणजे आमच्याकडचा लहान तलाव. त्यांची सगळी उदाहरणं तिथूनच यायची.

आमच्या समोरच्या घरात भाई राहायचे. त्यांची जीप चामोर्शी-गडचिरोली अशी सवारी वाहायची. आतली माणसं, टपावरची माणसं, मागे लटकलेली माणसं. पण त्या दिवशी त्यांनी एकही सवारी घेतली नाही. "आज ये घर की गाडी है," म्हणाले, आणि मागच्या सीटवर घरची गोधडी घालून दिली.

सकाळी मी निघायच्या तयारीत बाहेर आले तर सासूबाई ओट्यावर पाण्याची कळशी आणि स्टीलचा गिलास घेऊन बसलेल्या. "पे."

"आई, चंद्रपूरला पोचल्यावर प्यायचंय. तपासणीच्या थोडं आधी."

"तिथलं पानी तुले नाई मानवलं तं? घरचं पे."

मी प्यायले. अजून एक. अजून एक. मग त्यांनी गिलास नवऱ्याकडे केला. "तू बी पे." आणि तिसरा गिलास स्वतः तोंडाला लावला.

"आई, मशीन फक्त माझं पोट बघणार आहे."

"तुले काय माहीत? मशीन हाये ते. खोलीत जेवढे लोक तेवढ्याइले पाह्यत असन. माह्या पोटात पानी नसलं अन् त्यानं उलटंच दाखवलं तं?"

भाईंनाही गिलास देऊ केला होता. ते दोन्ही हात जोडून म्हणाले, "मावशी, मुझे गाडी चलानी है."

चामोर्शी ते गडचिरोली रस्त्याची अवस्था त्या वेळी अशी होती की खड्डे चुकवण्यापेक्षा रस्ता चुकवणं सोपं. पहिला खड्डा आला आणि आम्ही तिघांनीही एकदमच श्वास आत घेतला. गडचिरोली येईपर्यंत कोणी काही बोलत नव्हतं. सासूबाई गप्प बसल्या आहेत, हे पाहून भाई काळजीत पडले आणि आरशातून सारखे मागे बघू लागले. त्यामुळे आणखी दोन खड्डे चुकवायचे राहिले.

गडचिरोली सोडल्यावर वैनगंगेचा पूल लागला. एरवी पूल आला की सासूबाई खिडकीतून वाकून पाण्याचा रंग बघायच्या आणि यंदा झिंगे कसे मिळतील ते सांगायच्या. नदी त्या दिवशी काठोकाठ नव्हती, पण भरपूर होती. मी डोळे मिटून घेतले. उघडून पाहिलं तर त्यांनीही मिटलेले.

नवऱ्यानं पुलाच्या पलीकडे गाडी थांबवायला लावली. चाकात हवा कमी वाटतेय, म्हणाला. झाडामागे जाऊन हवा बघून आला. त्याचा चेहरा इतका प्रसन्न झाला होता की सासूबाईंना लगेच कळलं. "तुहं पानी वाया गेलं!" त्या ओरडल्या. "आता तू बाहेरच बसजो."

मूल गाव सुटलं आणि जंगल सुरू झालं. दोन्ही बाजूला साग, मधूनच बांबूची बेटं, वन्य प्राण्यांपासून सावध राहा अशी पाटी. पाटीच्या थोडं पुढे सासूबाई एकदम म्हणाल्या, "भाई, गाडी थांबव."

"मावशी, इथं नको. शेर निकलता है इधर."

"वाघ आला तं त्याचं तोच मान फिरवून घेईन. थांबव म्हनलं!"

त्या उतरल्या. त्यांच्या मागे मीही उतरू लागले तर त्यांनी मला हातानं परत आत ढकललं. "तू नाई. तुहं कामाचं हाये." त्या बांबूच्या आड गेल्या, परत आल्या, पदर सारखा केला आणि उरलेला रस्ता माझ्या शेजारी बसून मला धीर देत राहिल्या. असा राग मला माणसाचा पुन्हा कधी आला नाही.

चंद्रपूरचा दवाखाना एका बाईंचा होता. बाकांवर गर्दी. भिंतीवर मुलगा की मुलगी ते इथे सांगितलं जात नाही, अशी मोठी पाटी. सासूबाईंनी माझ्या नवऱ्याकडून ती वाचून घेतली आणि म्हणाल्या, "इचारून कोन राह्यलं? आधी हाये का ते सांगा म्हनावं." मी तोवर भिंतीला टेकून एका पायावरून दुसऱ्या पायावर अशी झुलत उभी होते. बसणं शक्य नव्हतं. माझ्या आधीच्या बाईला दया आली आणि तिनं मला पुढे जाऊ दिलं.

डॉक्टरबाई हसऱ्या, चटपटीत. पोटावर गार चिकट काहीतरी लावलं, त्यावर यंत्राचा दांडा टेकवला आणि पडद्याकडे बघून थबकल्या. "किती पाणी प्यायलात?"

"सकाळपासून."

"अहो, पिशवी कुठे दिसत नाहीये. सगळा तलावच आहे." माझ्या डोक्याशी उभ्या असलेल्या सासूबाईंची मान अभिमानानं वर गेली. डॉक्टरबाई म्हणाल्या, "जा, अर्धी करून या."

"अर्धी?"

"हो. थोडी जाऊ द्या, थोडी ठेवा."

डीएडला मी चांगल्या गुणांनी पास झाले होते. अपूर्णांक तर माझा हातखंडा विषय. पण ज्या कुणाला चामोर्शी ते चंद्रपूर तुंबून आल्यावर अर्ध्यावर थांबता आलं असेल, तिला माझा नमस्कार. मी परत आले ती रिकामी होऊन. मग पुन्हा बाकावर. पुन्हा पाणी, या वेळी दवाखान्यातल्या माठातलं. सासूबाई शेजारी बसून गिलास भरत होत्या आणि आजूबाजूच्या बायकांना सांगत होत्या, "पह्यलं पानी जास्त झालं. घरचं होतं ना."

दुसऱ्यांदा आत गेले आणि लाइन गेली. आम्ही अंधारात स्तब्ध. बाहेर कोणीतरी जनरेटरची दोरी ओढत होतं, ते दोनदा खोकलं, तिसऱ्यांदा लागलं आणि पडदा उजळला.

मला त्यावर काहीच कळलं नाही. करड्या रंगाची नुसती भुरभुर. सासूबाईंना मात्र सगळं दिसत होतं. "आभाळ आलं," त्या पुटपुटल्या. "हे पाह्य डोकं. हे पाह्य नाक."

"मावशी, ते मूत्राशय आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. मग त्यांनी बोटानं दाखवलं. "ही पिशवी. आणि हिच्या आत ही काळी गोल जागा दिसते ना, ती गर्भाची थैली. थैली आहे. पण थैलीच्या आत बाळाचा अंकुर दिसायला हवा, तो मला दिसत नाही."

खोलीत जनरेटरचा आवाज तेवढा राहिला.

"म्हणजे गेलं?" मी विचारलं.

"असं मी म्हटलेलं नाही. याचे दोन अर्थ होतात. एक तर दिवस आपण धरतो त्यापेक्षा कमी आहेत, आणि बाळ दिसण्याएवढं झालेलंच नाही. किंवा ते वाढत नाहीये. आज एकदा बघून मी ठरवणार नाही. थैली लहान आहे, घाई करून चुकायचं नाही. शेवटची पाळी कधी आली होती?"

"राखीला," मी सांगितलं. "मी भावाकडे नागभीडला गेले होते, तिथेच आली."

"खोटं हाये," सासूबाई म्हणाल्या. "तान्ह्या पोळ्याले आली."

"आई, मला माहीत आहे ना माझं!"

"तुले काय माहीत? तान्ह्या पोळ्याले पोट्टे लाकडाचे बैल घेऊन दारात आले, तं ओवाळाले कोन गेलं? मी गेली. काऊन गेली? हे बाजूले बसली होती मनून!"

त्यांचा आवाज नेहमीचा होता. दरवाजा लाकडी आणि पातळ. बाहेरच्या बाकांवरच्या सगळ्या बायका, त्यांचे नवरे आणि माठ भरणारा माणूस यांना माझ्या पाळीचा वाद अक्षरशः ऐकू जात होता. नवऱ्यानं दाराच्या फटीतून तोंड घातलं. त्याला वाटलं आपली साक्ष लागेल. "मॅडम, ही दोन महिन्यांची गाभ... गरोदर," तो म्हणाला. सासूबाईंनी नुसतं पाहिलं. तोंड परत गेलं.

डॉक्टरबाई हसू दाबत होत्या. "राखी आणि तान्हा पोळा यात पंधरवड्याचा फरक आहे. मावशींचं खरं असेल तर इतक्या लवकर बाळ दिसायचंच नाही, आशा आहे. तुमचं खरं असेल तर मग मला काळजी वाटते. दोन आठवड्यांनी परत या. जास्त रक्त गेलं किंवा पोटात फार दुखलं तर मात्र थांबू नका, लगेच या."

राखीची तारीख माझी पक्की होती. नागभीडला वहिनीनं मला वेगळी चटई दिली होती, तेही आठवत होतं. तान्ह्या पोळ्याला मी ओवाळायला गेले नव्हते, कारण त्या दिवशी माझा आणि सासूबाईंचा अबोला चालू होता. हे सगळं मला माहीत होतं. तरी परतीच्या वाटेवर, आयुष्यात पहिल्यांदा, सासूबाईंचंच खरं ठरू दे म्हणून मी मनातल्या मनात हात जोडले.

ते दोन आठवडे माझ्यावर घरानं जो पहारा ठेवला तो कैद्यावरही ठेवत नसतील. डॉक्टरबाईंनी झोपून राहायची गरज नाही म्हणून सांगितलं होतं. सासूबाईंनी ते ऐकलं आणि बाजूला ठेवलं. खाटेच्या पायथ्याखाली दोन-दोन विटा आल्या. पाय वर, डोकं खाली. हेतू असा की जे आत आहे ते आतच राहावं. खाट गुळगुळीत निवारीची. मी हळूहळू डोक्याच्या बाजूला घसरत जायची आणि दुपारच्या झोपेत माझं डोकं भिंतीला लागायचं. ठक्क आवाज झाला की सासूबाई मागच्या अंगणातून विचारायच्या, "हाये का जागेवर?" मी म्हणायची, "मी की ते?"

शाळेत जायला त्यांनी नाइलाजानं परवानगी दिली, पण फळ्यावर वर हात करून लिहायचं नाही, या अटीवर. म्हणून त्या दिवसांत तिसरीचा वर्ग फळ्याच्या फक्त खालच्या पट्टीवर शिकला. मागच्या बाकावरची मुलं उभी राहून वाचायची.

शिंकायचं नाही. उंबऱ्यावर बसायचं नाही. मोठ्यानं हसायचं नाही. या शेवटच्या नियमाचा फार त्रास झाला, कारण नवरा विटा सारख्या करायला खाटेखाली शिरायचा आणि तिथूनच म्हणायचा, "गाईले तं काई असं करावं नाई लागत." मी तोंडात उशीचं टोक कोंबून हसायची.

आणि मध्येच, खाटेवर उलटी टांगलेली असताना, पोटावर हात जायचा. तिथे काहीही कळत नसे. हसणं थांबलं की घर फार शांत वाटायचं.

दुसऱ्या खेपेला पाणी चंद्रपुरातच प्यायचं, असा ठराव झाला. भाईंनी जीप इतकी हळू चालवली की मूलच्या अलीकडे एका सायकलवाल्यानं आम्हाला मागे टाकलं आणि वळून चौकशी केली, काही बिघडलंय का. गोधडीच्या जोडीला या वेळी गादीही आली होती. भाई दर खड्ड्याला "बिस्मिल्ला" म्हणून गाडी आत उतरवायचे आणि "शुकर" म्हणून बाहेर काढायचे. सासूबाईंना तो क्रम पाठ झाला. एका ठिकाणी भाई विसरले तर त्यांनीच आठवण केली.

या वेळी लाइन होती. पाणीही बरोबर झालं होतं. डॉक्टरबाईंनी दांडा टेकवला, फिरवला, थांबवला, पुन्हा फिरवला. मागच्या वेळी त्या सारख्या बोलत होत्या. या वेळी बराच वेळ काहीच बोलल्या नाहीत. सासूबाईंनीही नाक-डोकं काही शोधलं नाही.

मग डॉक्टरबाईंनी पडदा माझ्याकडे वळवला. "ही थैली. मागच्यापेक्षा फारशी वाढलेली नाही, कडाही वेड्यावाकड्या झाल्यात. आत काही नाही. दोन आठवड्यांत बाळ आणि त्याचे ठोके दिसायला हवे होते, दिवस कसेही मोजले तरी. आता मला शंका नाही. हे मूल राहिलेलं नाही." त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "वाईट वाटतं मला."

माझ्या मनात पहिला विचार काय आला असेल? की आता लघवीला जाता येईल. पुष्कळ वर्षं मी हे कुणाला सांगितलं नाही. मग रडू आलं. पोट भरलेलं असताना रडणंही धड जमत नाही, हुंदका दाबून दाबून द्यावा लागतो. डॉक्टरबाईंना कळलं. त्यांनी मला आधी तिकडे पाठवलं, आणि मी तिथे दार लावून मनसोक्त रडून आले.

परत आले तेव्हा सासूबाई स्टुलावर बसल्या होत्या आणि त्यांनी डॉक्टरबाईंची उलटतपासणी सुरू केली होती.

"जीपीनं झालं का? लय आदळली."

"नाही मावशी."

"ते फळ्यावर लिवत होती हात वर करून. पह्यले."

"त्यानं होत नाही."

"पपई खाल्ली असन नागभीडले. हिची वहिनी लय पपया आनते."

"पपईचा काही संबंध नाही."

"मासोळीचा वास घेतला नाई हिनं. दूर पळे."

"मावशी, ऐका." डॉक्टरबाईंनी खुर्ची जवळ ओढली. "इतक्या लवकर जातं ते बहुतेक वेळा बीजातच काहीतरी कमी असतं म्हणून. रुजतं, पण पुढे वाढू शकत नाही. आईनं काही केलं म्हणून नाही, आणि केलं नाही म्हणूनही नाही. ती खाटेवर पडून राहिली असती काय आणि नाचली असती काय, हे असंच झालं असतं."

सासूबाईंनी स्टूल जरा पुढे सरकवलं. मग विचारलं, "वजन उचललं तं?"

"हिनं काय उचललं?"

"हे नाई. म्या." पदराचं टोक त्या बोटाला गुंडाळत होत्या. "ह्या पोराच्या आंधी तीनदा गेलं माह्यं. असंच. दोन महिने, अडीच महिने. मी टोपलं डोक्शावर घेऊन बाजारात जाये. सासू म्हने, टोपल्यानं मारले तू. मोठ्या जावेची पोरं पाहून म्हने, हे पाह्य, हे घरी बसली मनून हिचे जगले. मी तवापासून... म्हनजे टोपल्यानं नाई?"

डॉक्टरबाईंनी घाई केली नाही. "तेव्हा कुणी तपासलं नव्हतं, म्हणून तुमच्या प्रत्येक वेळेचं मी आज नेमकं सांगू शकत नाही. पण टोपलं उचलल्यानं नाही गेले, मावशी. हे मी सांगते."

"पक्कं?"

"पक्कं."

सासूबाईंनी मान हलवली. पदर डोळ्यांना लावला नाही, तोंडाला लावला. त्यांना मी कधी रडताना पाहिलं नव्हतं आणि त्या दिवशीही त्यांनी पाहू दिलं नाही. थोड्या वेळानं त्या उठल्या, माझ्याजवळ आल्या आणि माझ्या पोटावरचं ते चिकट राहिलेलं स्वतःच्या लुगड्यानं पुसू लागल्या. दवाखान्याचं कापड तिथेच होतं. पण त्या लुगड्यानंच पुसत राहिल्या.

पुढचं डॉक्टरबाईंनी नीट समजावलं. आपोआप पडेपर्यंत वाट बघता येईल, किंवा पिशवी साफ करून घेता येईल. चामोर्शी लांब होतं, मध्येच रक्त जास्त गेलं असतं तर कुठे धावायचं? मी साफ करून घ्यायचं ठरवलं. त्याच दिवशी, भूल देऊन. शुद्धीवर आले तेव्हा नवरा उशाशी बसला होता. त्यानं माझा हात धरला होता आणि तो काहीच बोलत नव्हता. गाईंबद्दलही नाही. मला बोललेलं चाललं असतं.

खिडकीतून खाली जीप दिसत होती. भाई बॉनेटला टेकून उभे होते. सासूबाई बाहेर येऊन त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या, आणि अर्थातच वरच्या मजल्यापर्यंत ऐकू आलं, "भाई, तुह्या जीपीनं नाई झालं. डाक्टरनीनं सांगतलं. बीजच कमी होतं."

भाईंनी डोक्यावरची टोपी काढली, कपाळ पुसलं, परत घातली. नंतर मला कळलं की गेले दोन आठवडे त्यांनी त्या खड्ड्यांचं मनाला लावून घेतलं होतं. त्यांच्या बायकोनं सांगितलं, जेवत नव्हते. परतीच्या प्रवासात ते गाडी जरा वेगानं हाकू लागले. सासूबाई म्हणाल्या, "तरी बी हळू," आणि त्यांनी वेग कमी केला.

घरी आल्यावर मला वाटलं होतं, आता गल्लीत कुजबुज होईल. पण कुजबुजीला सासूबाईंनी वावच ठेवला नाही. पुढच्या बाजारात त्यांनी मरळीच्या भावासोबत हीही बातमी त्याच आवाजात सांगायला सुरुवात केली. कोणी बाई सुनेला नावं ठेवू लागली की त्या हातातला विळा खाली ठेवायच्या. "बीज कमी असते व! वजनानं नाई होत. मी टीव्हीवर पाह्यलं." त्यात पुष्कळ भर त्यांनी स्वतःच्या मनानं घातली. सोनोग्राफीत बाईचा राग दिसतो, मागच्या जन्माची पोरंही पुसट दिसतात, आणि पाणी घरचं असेल तर चित्र रंगीत येतं, वगैरे. मी दुरुस्त करायला गेले तर म्हणाल्या, "तू मास्तरीन शाळेत. इथी मी."

एका गोष्टीत मात्र त्या काही मिसळत नसत. कोणी आपलं गेलेलं मूल सांगायला लागली की त्या विचारायच्या, तुले कोन म्हनलं का तुह्या हातानं गेलं? आणि ती जे नाव घेईल, सासू, नणंद, कोणीही, तिला त्या बाजारभर शिव्या घालायच्या. त्यामुळे काही घरांत आमचं जाणं-येणं बंद झालं. गिऱ्हाईक मात्र वाढलं.

दोन-अडीच वर्षांनी मला पुन्हा दिवस गेले. पुन्हा चंद्रपूर, पुन्हा भाई. रस्त्याचं काम तोवर झालं होतं, निदान मूलपर्यंत. दवाखान्यात नाव पुकारलं तेव्हा सासूबाई जागच्या हलल्या नाहीत. "तू जा," म्हणाल्या. "मले त्या खोलीत गरम होते." त्या खोलीत पंखा होता आणि बाकांवर नव्हता.

डॉक्टरबाईंनी मला ओळखलं. या वेळी करड्या भुरभुरीत त्यांनी एक ठिपका दाखवला. तो उघडझाप करत होता. इतका भराभर, की मला वाटलं लाइन कमी-जास्त होतेय. "लाइन नाही, ठोके आहेत," त्या म्हणाल्या. नवरा एकटक बघत होता. त्यानं घसा खाकरला आणि विचारलं, "मॅडम, असं मशीन आमच्या जनावराच्या दवाखान्यात आनता येते का?"

मी साडी सावरून बाहेर आले. सासूबाई दोन अनोळखी बायकांच्या मध्ये बसल्या होत्या आणि त्यांना पाणी किती प्यायचं, जंगलात कुठे थांबायचं आणि अर्धी कशी करायची ते समजावत होत्या. मी समोर उभी राहिले. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही, हात वर करून मला थांबवलं.

"थांब व. हिले सांगून राह्यली मी."

मी थांबले. त्या बराच वेळ सांगत राहिल्या. सगळं सांगून संपलं, तेच परत एकदा सांगितलं, आणि त्या बायकांनी आता कळलं म्हटल्यावर त्यांना नाइलाजच झाला. मग त्यांनी हातातला पाण्याचा गिलास बाकावर ठेवला आणि मान वर केली.